चार गाठींचा फोटो

१

नानासो आप्पा वारल्याचं आम्ही गुरुवारी सकाळी साडेनऊला वाचलं, आणि दहा वाजता त्यांनीच आम्हाला फोन केला.

मधल्या अर्ध्या तासात त्यांची पुतणी पल्लवी माझ्या दुकानात खुर्ची धरून रडत होती. माझं दुकान सांगलीत, वखारभागात. लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं काम मी करते. बनवायचं नव्हे, सांभाळायचं. बनवणारे रग्गड आहेत. साइट बनवतात, नारळ फोडतात, फोटो काढतात आणि जातात. मग तीन वर्षांनी गिऱ्हाईक फोन लावतं तर नंबर बंद, दर जुने, मेलेला भागीदार अजून फोटोत हसतोय. ती घाण मी निस्तरते. मला कुणी शिकवलं नाही, झेरॉक्स काढता काढता मी शिकले. पल्लवीला मात्र मी शिकवलं. ती म्हसवडच्या पुढच्या एका वाडीची. महिन्यातून चार दिवस माझ्याकडं येऊन राहायची, बाकी दिवस तिकडच्या अकरा धंद्यांच्या साइट सांभाळायची. शेळीपालन, डाळिंबाची रोपवाटिका, मंडपवाले, आणि सगळ्यात पहिली साइट तिच्या चुलत्याची. नानासो आप्पा हातमागावर घोंगडी विणतात. पुण्या-मुंबईचे आणि पार परदेशातले लोक साइटवरून ऑर्डर देऊन सहा सहा महिने थांबतात, इतकं त्यांचं घोंगडं नावाजलेलं.

त्याच साइटवर पहिल्याच पानावर आप्पांचा फोटो होता, त्यावर हाराचं चित्र चिकटवलेलं. खाली मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं होतं, की कारागीर नानासो यांचं निधन झालं आहे, यापुढं घोंगड्यांच्या ऑर्डरी घेतल्या जाणार नाहीत. ऑर्डरीचं बटण काढलं होतं. फोन नंबर काढला होता.

मुंबईच्या एका नातेवाईक बाईनं ते बघून पल्लवीला फोन केला, म्हणून आम्हाला कळलं. घरचा फोन लागत नव्हता. आणि दहाला शेजाऱ्याच्या फोनवरून आप्पांचा आवाज आला.

"पल्लवे, कोण मेलंय गं? दारात मानसं रडत आल्यात. मी च्या पीत बसलोय, तर रखमा मला बघून पडली की."

पल्लवी हसली की रडली ते कळलं नाही. पण तेवढ्यात तिकडून फोन कुणीतरी ओढून घेतला. तो आप्पांचा मुलगा, अमृत. फौजेत पंधरा वर्षं कारकुनी करून दोन वर्षांपूर्वी घरी आलेला.

"साइटची चावी तुझ्याकडं," तो म्हणाला. "जित्या बापाला मारलंस माझ्या. ऐतवारी अकराला देवळाम्होरं बैठक हाय. पंचांना, लालासाहेबांना सांगितलंय. तिथं सगळ्या गावाला सांगायचं, पल्लवीच्या हातात कुणी काय देऊ नगा म्हणून."

फोन बंद झाला. पल्लवी म्हणाली, "ताई, माझी अकराच्या अकरा माणसं त्या बैठकीत असणार." वडील लहानपणीच गेलेले, आईची शेती दुष्काळी. या अकरा साइटच तिचं घर चालवत होत्या. त्यांच्यावरच पोरगी उभी होती.

मी साइटची नोंद उघडली. कोणत्या वेळी कुणाच्या नावानं आत शिरून बदल झाला, ते तिथं लिहिलेलं असतं. बदल बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी झाला होता. नाव होतं पल्लवीचं.

बुधवारी दहा चाळीसला पल्लवी माझ्या शेजारी बसून पोह्यातली मिरची बाजूला काढत होती.

२

साइटमध्ये शिरायला दोन गोष्टी लागतात. एक पासवर्ड. दुसरा ओटीपी, तो आप्पांच्या घरच्या फोनवर जातो. ही दुहेरी कडी मीच गेल्या वर्षी घातली होती, कारण साइट ज्यानं बनवली त्या जयराजकडं जुना पासवर्ड होता आणि काम गेल्याचा राग होता.

म्हणून पहिला जयराज. त्याचं ऑफिस विश्रामबागेत आहे, काचेचं. इंजिनिअर आहे. मला बघितल्यावर तो "या मॅडम" म्हणतो आणि मॅडम हा शब्द तो कसा म्हणतो ते मला कळतं.

बुधवारी कुठं होतास म्हणून विचारलं, तर त्यानं लपवलं नाही. आप्पांच्याच घरी होता. दहाला पोचला, साडेअकराला निघाला. नवीन साइट करून देतो म्हणून विचारायला गेला होता. आप्पांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मोबाइलवर नमुने दाखवायचे होते, तर रेंज नाही. म्हातारी म्हणाली अंगणातल्या झाडाखाली रेंज येते.

"मग गेलास झाडाखाली?"

जयराजनं उत्तर द्यायच्या आधी टेबलाखालची पिशवी वर काढली. त्यात एक पँट होती, गुडघ्यावर टराटरा फाटलेली. झाडाखाली एडका होता म्हणाला, त्यानं धडक मारून पाडलं, मग जयराज पडवीत परत येऊन बसला. पँट शिंप्याकडं टाकायची राहिली होती.

मी पँट बघितली. मला हसू आलं, पण फाटकी पँट हा काही पुरावा नव्हे. पँट कुठंही फाडता येते. वेळ जुळत होती, राग जुळत होता, आणि साइट कशी उघडायची ते त्याला ठाऊक होतं. निघताना तो म्हणाला, की शिकल्या सवरल्या माणसाला काम द्यायचं सोडून कुणाही पोरीबाळींच्या हातात साइट दिली की असंच होतं. मी दारातून परत आले आणि त्याला सांगितलं, तू बनवलेली ती साइट उघडायला एक मिनिट लागायचं, पल्लवीनं ती चार सेकंदांवर आणली, आणि ती पोरगी निर्दोष ठरली की मी तुझ्या या काचेसमोर उभी राहून ते मोठ्यानं वाचून दाखवीन.

बोलायला बोलले. पण साइट पुन्हा उघडून बघितली, तर ती उघडायला परत एक मिनिट लागत होतं.

हार घातलेला तो फोटो अवाढव्य होता. कॅमेऱ्यातून निघाला तेवढाच, लहान न करता लावलेला. पल्लवी असं करत नाही. फोटो लहान केल्याशिवाय चढवायचा नाही, हे मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती विसरली म्हणून ओरडले होते. तिसऱ्या दिवसापासून ती कधी विसरली नाही.

३

शुक्रवारी आम्ही वाडीवर गेलो. ओसाड माळ, मधे दगडी घर, पडवीत माग. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं पावड्या दाबतो, असा जुना माग. आप्पा पासष्टीचे. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली. बोलता बोलता खोकायचे, आणि खोकला आला की आडवा दोरा नेणारा धोटा हातात धरून थांबायचे.

"ये क्रांते," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या घरी मोकळ्या हातानं आलीस व्हय? पावशेर साखर तरी आणायची."

धोंडुबाई, म्हणजे त्यांची बायको, चरख्यापाशी होती. तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते गप्प बसले. तिला लिहितावाचता येत नाही, आणि आलं असतं तरी कपाळाला कुंकू असलेल्या त्या बाईनं ते वाक्य बोटानं लिहिलं असतं असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

घरचा फोन कुठं आहे, विचारलं. पल्लवीनं अंगणातल्या कडुलिंबाकडं बोट केलं. साऱ्या घरात रेंज त्या एका झाडाखाली. म्हणून फोन कायम तिथंच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फांदीला टांगलेला. वाजला की ज्याला ऐकू येईल तो पळत जातो. मी निघाले, तर झाडामागून एक काळा एडका मुंडी खाली घालून माझ्यावरच आला. पल्लवीनं धावत जाऊन त्याचं शिंग धरलं म्हणून वाचले. सरदार त्याचं नाव. धोंडुबाई म्हणाली, घरच्या चौघांशिवाय कुणालाच तो झाडापाशी येऊ देत नाही. आप्पा, ती, अमृत आणि पल्लवी. शेजारी सुद्धा लांबूनच हाक मारतात.

मी पिशवी खाली काढली. फोनबरोबर पिशवीत एक चिठ्ठी होती. तिच्यावर पल्लवीच्या अक्षरात साइटचा पासवर्ड.

मी पल्लवीकडं बघितलं. ती खाली बघायला लागली. माझ्या गैरहजेरीत कुणाला लागला तर, म्हणाली. कुलूप घालायचं आणि किल्ली त्याच कुलपाला बांधून ठेवायची. ओटीपी आणि पासवर्ड एका पिशवीत. मी तिला काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण सरदारनं सुद्धा कान पाडले.

मग फोन चालू केला. तो कुणीतरी बंद करून ठेवला होता. मेसेज बघितले. पल्लवी दर रविवारी साइट तपासते, त्यामुळं दर रविवारचा ओटीपी तिथं होता, एकाखाली एक. बुधवारचा नव्हता.

साइटच्या नोंदीत मात्र स्पष्ट होतं, की बुधवारी दहा अडतीसला ओटीपी याच फोनवर आला. म्हणजे आला, वाचला, आणि पुसला.

इथं मी झाडाखालच्या एका दगडावर बसले. कुणी सांगलीत बसून म्हातारीला फसवून फोनवर आकडा विचारून घेतला असता, तर आकडा मिळाला असता, पण मेसेज पुसता आला नसता. पुसायला फोन हातात पाहिजे. फोन हातात घ्यायला झाडाखाली यायला पाहिजे. आणि झाडाखाली सरदार होता.

जयराजची पँट मला आता खरी वाटायला लागली.

पडवीत परत आले. बुधवारी सकाळी कोण कोण होतं, ते धोंडुबाईनं सूत कातता कातता सांगितलं. सांगलीचा तो काचवाला जयराज आला, चहा प्याला. अमृत सुताला लावायच्या खळीसाठी चिंचोके आणायला म्हसवडला गेला, तर पिशवी विसरला म्हणून काचवाला असतानाच माघारी आला आणि पुन्हा गेला. ती स्वतः आणि आप्पा पडवीतून हलले नाहीत.

मागाच्या खांबाला एक लाल दोरी लटकत होती, तिला गाठी मारलेल्या. मी बोटानं मोजल्या. सात. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, रोज सांजच्याला खड्ड्यातून उठताना एक गाठ. घोंगडं उतरलं की गाठी सोडायच्या, नव्याला पुन्हा पहिल्यापासून. लिहिता येत नाही, म्हणून हे. काल रडणाऱ्या लोकांना चहा करण्यातच दिवस गेला, तर कालची गाठ नाही.

"आवं आप्पा, आणि एखाद्या दिवशी आजारी पडलात तर?"

"शनवारची बी न्हाई," ते म्हणाले. "अमृत मिरजंला घिऊन गेलता. चष्म्यासाठी."

एवढ्यात अमृत दारात आला. माझ्यासमोरच त्यानं पल्लवीला विचारलं, दादा म्हणून हाक मारायला तोंड आहे का. हाराचा तो फोटो तिच्याच मोबाइलमधला आहे म्हणाला, गेल्या दिवाळीत काढलेला, आणखी काय पुरावा पाहिजे. पल्लवीनं मान वर केली नाही. सरदार तेवढा उठून अमृतच्या पायाला डोकं घासायला गेला.

४

राहिला उदयसिंह. त्याचं साताऱ्यात राजपथाला मोठं दुकान. आप्पांची घोंगडी घेऊन विकतो. सोमवारी तो वाडीवर माल न्यायला आला होता, असं आप्पांनी सांगितलं. शनिवारी सकाळी मी आणि पल्लवी साताऱ्यात त्याच्या दुकानासमोर उतरलो, आणि पल्लवीनं माझा दंड घट्ट धरला.

काचेच्या आत तीन घोंगडी मांडली होती. वर पाटी होती. "कै. नानासो यांची अखेरची घोंगडी".

मी आत गेले आणि पाटी काढून टेबलावर आपटली. उदयसिंह उठून उभा राहिला. पुढारी घालतात तसलं पांढरं जाकीट, बोटात अंगठ्या. मी म्हटलं, माणूस जिवंत आहे, चहात साखर कमी पडली तर तक्रार करतोय. तो खरोखर चपापला. मग जाकीट सारखं करत म्हणाला, की त्यानं बुधवारी दुपारी साइट वाचली, लगेच वाडीवर फोन लावला, तो बंद. अमृतला लावला, त्यानं उचलला नाही. मग त्यानं खरं मानलं.

"आणि मेलेल्याचा माल महाग जातो, म्हणून पाटी लावलीस."

"धंदा हाय ताई," तो म्हणाला.

गिधाड मेलेल्यावर बसतं, तसा बसला होता. पण मारलं कुणी ते वेगळं. बुधवारी दहा चाळीसला कुठं होता, विचारलं. त्यानं बोलायच्या ऐवजी स्वतःच्या दुकानाची साइट उघडून माझ्यापुढं केली. हा माणूस मला आवडत नाही, पण साइट कशी ठेवावी ते त्याच्याकडून शिकावं. बुधवारी सकाळी साडेदहाला दुकानाच्या नव्या मजल्याची फीत कापली, त्याचे फोटो अकराच्या आत चढवलेले. पन्नास माणसं, मधे हातात कात्री घेऊन उदयसिंह. साताऱ्यातून वाडी अडीच तासांवर.

एक मात्र त्यानं न विचारता सांगितलं. सोमवारी मागावर बसलेल्या आप्पांचे फोटो त्यानं काढले, आणि अमृतनंही काढले. त्यानं स्वतःचे मला दाखवले. दुकानात टांगायचे म्हणून अंगणाच्या बाजूनं काढलेले, आडवे, सगळ्यांत आप्पा खाली बघून विणतायत. हाराचा फोटो वेगळा होता. समोरून काढलेला, आप्पा कॅमेऱ्याकडं बघून हसतायत.

"पण ताई," उदयसिंह मागून म्हणाला, "मी केलं असतं तर तिथं माझा नंबर टाकला असता की."

एसटीत बसेपर्यंत त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. चोर दुसऱ्याचं दार लावतो ते स्वतःचं उघडण्यासाठी. इथं ऑर्डरीचं बटण काढलं, नंबर काढला, आणि जागा रिकामीच ठेवली. कुणाचाच फायदा नाही. ज्यानं केलं त्याला गिऱ्हाइकं पळवायची नव्हती. त्याला गिऱ्हाइकंच नको होती.

आणि आणखी एक राहिलं होतं. आमच्याकडं कुणी गेलं की बातमीत सावडणं कधी ते पहिल्यांदा लिहितात. रडत आलेल्या बायका गुरुवारी तेच विचारत होत्या. साइटवर त्याचा दिवस नव्हता. ज्यानं लिहिलं त्याला माणसं जमवायची नव्हती. किंवा तेवढी एक ओळ त्याच्या हातून लिहवली नाही.

मी मोबाइलवर हाराचा तो अवाढव्य फोटो पुन्हा उघडला. बोटांनी ताणला, आणखी ताणला. पल्लवीनं चढवला असता तर लहान केला असता, आणि ताणल्यावर नुसता चिखल दिसला असता. हा फुटत नव्हता. आप्पांच्या खांद्यामागं मागाचा खांब दिसायला लागला. खांबाला लाल दोरी.

दोरीला चार गाठी होत्या.

मी पल्लवीला म्हटलं, "उद्या बैठकीला जायचं. आणि रडायचं न्हाई. कळलं?"

५

देवळापुढं ऐंशीएक माणसं होती. पल्लवीची अकराही गिऱ्हाइकं पुढंच बसली होती. लालासाहेब, म्हणजे गावातले जुने पंच, पारावर. अमृत उभा राहून आरोप सांगून बसला. थोडक्यात, नीट, फौजेतल्या अहवालासारखा. मग मी उठले. बाईमाणूस पंचांपुढं बोलणार, म्हणून दोघंतिघं हसले. मी ते हसून होईपर्यंत थांबले.

मी म्हटलं, हा फोटो दिवाळीचा नाही. शुक्रवारी मी गेले तेव्हा आप्पांच्या दोरीला सात गाठी होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन संध्याकाळच्या तीन गाठी वजा करा. चार राहतात. म्हणजे हा फोटो सोमवारी दिवसा काढला. सोमवारी पल्लवी सांगलीत माझ्या दुकानात होती, रविवार संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत. तिच्या मोबाइलमधला हा फोटो असूच शकत नाही.

आप्पा मागं बसले होते. त्यांनी फोटो मागून घेतला, तुटक्या चष्म्यातून बघितला. "ह्याच घोंगड्याचा हाय," म्हणाले. "कड बघा की. सोमवारचाच."

पुढचं मी सावकाश सांगितलं. सोमवारी फोटो काढणारे दोघं, उदयसिंह आणि अमृत. उदयसिंह बुधवारी साताऱ्यात पन्नास माणसांत उभा होता. जयराज बुधवारी घरात होता, पण सोमवारचा फोटो त्याच्याकडं नाही, आणि फोनपर्यंत त्याला सरदारनं जाऊ दिलं नाही, त्याची पँट साक्षीला आहे. कुणी म्हणेल, उदयसिंहानं फोटो पाठवला आणि दुसऱ्या कुणी चढवला. मग ओटीपीचा मेसेज कुणी पुसला? तो झाडाखाली उभं राहूनच पुसता येतो, आणि त्या झाडाखाली चारच माणसं जाऊ शकतात. एक सांगलीत होती. दोघांना वाचता येत नाही.

मी अमृतकडं बघितलं नाही. लालासाहेबांकडं बघूनच म्हटलं, "बुधवारी पिशवी विसरली म्हणून कोण माघारी आलं, ते धोंडुबाईंना इचारा."

धोंडुबाईला विचारायची वेळ आली नाही. ती लेकाकडं बघत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

अमृत उठला. त्याच्या हातातली टोपी चुरगाळली गेली होती. तरी मला अजून एक सांगायचं होतं, कारण कुणी केलं एवढ्यानं भागत नाही. मी विचारलं, शनिवारी आप्पांना मिरजेला चष्म्यासाठी नेलंस ना? मग आठ दिवस झाले, यांचा चष्मा अजून दोऱ्यानं बांधलेला कसा?

मग अमृत बोलला, तेही जमिनीकडं बघून.

"छातीचा डॉक्टर हुता. मला भाईर बोलवून म्हणला, लोकरीची बारीक धूळ लय वर्सं आत गेलीया. आणखी सा महिनं ह्या खड्ड्यात बसलं तर माघारी यायचं न्हाईत. मी दोन वर्सं सांगतोय, बंद करा. ते म्हणत्यात, पल्लवीनं साइटवर ऑर्डर घेतलीया, शब्द दिलाय. एक संपली की दुसरी हायच. ऑर्डर आली न्हाई तर उठतील वाटलं. लांबच्या लोकांना कळंल, गावात कोण बघतंय, असं वाटलं."

"आणि पल्लवी?" मी विचारलं.

"माझ्यावर येतंय म्हणल्यावर," तो म्हणाला, "तिचंच नाव हाताशी हुतं."

मला राग येतो तेव्हा मी मोठ्यानं बोलते, त्या वेळी मात्र हळू बोलले. बाप वाचावा म्हणून त्यानं बापाला कागदावर मारलं, ते मी एक वेळ समजून घेईन. पण स्वतःची अब्रू वाचावी म्हणून बिनबापाच्या चुलत बहिणीला ऐंशी माणसांपुढं उभं केलं. पंधरा वर्षं फौजेत राहून हा माणूस एका पोरीच्या आड लपला. एवढंच मी त्याला म्हटलं, आणि म्हटलं, आता जेवढ्या मोठ्यानं आरोप केलास तेवढ्याच मोठ्यानं बोल.

तो बोलला. पल्लवीकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चूक माझी, तिची कसलीच न्हाई. पल्लवीनं ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तिला म्हणायला लावलं नाही. मंडपवाला उठून तिला म्हणाला, की त्याच्या साइटवर अजून गेल्या वर्षीचे दर आहेत ते तेवढे बघ. अकरापैकी एकही गेलं नाही.

६

आप्पा मात्र अजून बसूनच होते.

"डॉक्टरनं तुला भाईर नेलं तवाच मला कळलं," ते लेकाला म्हणाले. "म्या इचारलं न्हाई. तू सांगशील म्हणून वाट बघत हुतो. तू साइटला सांगितलंस."



मग आप्पांनी पल्लवीला सांगितलं, साइटवर या घराबद्दल काय लिहिलंय ते वाच. तिनं वाचलं. जुनी ओळ होती, जयराजनं लिहिलेली, कुणी कधी बदलली नाही. नानासो यांचे चिरंजीव अमृत हे घराण्याच्या पाचव्या पिढीचे विणकर आहेत. बैठकीत कुणीतरी खोकलं. अमृतनं आयुष्यात धोटा हातात धरलेला नव्हता. ती ओळ मीही शंभरदा वाचली होती, आणि लोकांच्या साइटवरचं खोटं निस्तरायचा धंदा करणाऱ्या मला ती कधी टोचली नव्हती.

"हे खोटं चार वर्सं टांगलंय," आप्पा म्हणाले. "आता एकतर ही वळ काढ, न्हाईतर खरी कर. म्या खड्ड्यातनं उठतो. तू उतर. तोंडाला फडकं बांधून बस, डॉक्टरला इचारून दिसाला दोन तास बस, पण बस. दिलेल्या शब्दाची नऊ घोंगडी हायत. म्या काठावर बसून शिकिवतो. वरीस लागू दे, न्हाईतर दोन."

लालासाहेबांनी बैठक उठवली. बायका घराकडं निघाल्या, त्यातली ती रखमा अजून आप्पांकडं चोरून बघत होती.

संध्याकाळी साइट पल्लवीनंच दुरुस्त केली, कडुलिंबाखाली बसून, सरदारच्या पाठीला टेकून. पासवर्ड नवा, चिठ्ठी चुलीत. हाराचा फोटो काढला. मजकूर अमृतला स्वतः लिहायला लावला. निधनाची बातमी खोटी होती, ती मी लिहिली होती, असं त्यानं स्वतःच्या नावानं लिहिलं. खाली, नवीन ऑर्डरी सध्या बंद, दिलेल्या नऊ पुऱ्या होणार, विणकर शिकाऊ आहे, वेळ लागेल, ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी कळवावं. पल्लवीनं विचारलं, लोकांनी आप्पांच्या मागं श्रद्धांजली लिहिलीय, ती पुसू का. आप्पांनी एक एक वाचून घेतली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पुन्हा कोण लिवणाराय एवढं चांगलं."

नऊपैकी एकानंही ऑर्डर मागं घेतली नाही, हे मला मंगळवारी कळलं. जयराजच्या काचेसमोर उभी राहून मी अमृतचा तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला, सांगितल्याप्रमाणं.

त्याच दिवशी संध्याकाळी पल्लवीकडून एक फोटो आला. आप्पांचं अर्धं राहिलेलं घोंगडं तसंच गुंडाळून बाजूला ठेवलेलं, मागावर नवी लोकर, विणून झालेली जेमतेम चार बोटं, तीही वाकडी. खड्ड्यात अमृत, तोंडाला फडकं. काठावर आप्पा, हातात धोटा नाही म्हणून हात कुठं ठेवावेत ते न कळलेले. चष्मा नवा.

खांबाला नवीन लाल दोरी होती. पल्लवीनं फोटो लहान करून पाठवला होता, तरी तिची एक गाठ नीट दिसत होती.